फियाट ११०० डिलाइट (१९६६): पॉइंट बदलल्यापासून चढावर टिणटिण आवाज, टायमिंग घरी कसं लावायचं?

गिरगाव_डिलाइट:
मंडळी नमस्कार. आमच्याकडे १९६६ ची फियाट ११०० डिलाइट आहे, आजोबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी चौपाटी-वाळकेश्वर चक्कर, बाकी आठवडाभर बिल्डिंगच्या आवारात कव्हर घालून उभी. मध्यंतरी स्टार्टिंगला त्रास द्यायला लागली म्हणून जवळच्या एका मेकॅनिकला दाखवली, त्याने पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, उघडला की ठिणगी पाडणारा स्विच) आणि कंडेन्सर नवीन टाकले, गाडी एका सेल्फमध्ये चालू, आयडलिंग पण मस्त, म्हटलं काम झालं. पण तेव्हापासून वाळकेश्वरचा चढ चढताना थर्डला जरा पाय दाबला की इंजिनमधून टिणटिण आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा, आणि पाय काढला की लगेच बंद. अजून एक म्हणजे इंजिन गरम असताना सेल्फ मारला तर मध्येच अडखळतो, उलटा धक्का बसल्यासारखा, थंड असताना असं काही नाही.

मेकॅनिकला सांगितलं तर म्हणतो आजकालचं ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोलच असं आहे, जुन्या गाड्यांना सवय करून घ्यावी लागेल. मला ते पटत नाहीये कारण पेट्रोल तर आधीही तेच होतं. टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेचा, प्रॉब्लेम असू शकतो का, आणि असेल तर मला घरी लावता येईल का? पाने, फिलर गेज (फट मोजायची पाती) आहे, टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून खूण दाखवणारा दिवा) नाही.

पाना_पक्कड_परळ:
पेट्रोलला दोष देऊ नका, इथेनॉलने ऑक्टेन वाढतं, कमी होत नाही. ई-२० चा त्रास वेगळा असतो, जुने रबरी पाईप, कार्बोरेटरचं पॅकिंग, मिक्स्चर थोडं लीन होणं (पेट्रोल कमी, हवा जास्त) वगैरे, ते बघायलाच हवं पण ते नंतर. तुमची लक्षणं सरळ जास्त अ‍ॅडव्हान्सची आहेत. चढावर लोडला नॉकिंग (तोच टिणटिण आवाज) आणि गरम इंजिनला सेल्फ उलटा ढकलणं, दोन्ही एकत्र म्हणजे ठिणगी वेळेच्या फार आधी पडतेय, पिस्टन अजून वर येतोय आणि वरून दाब सुरू झाला.

पहिलं काम, टायमिंगला हात लावायच्या आधी पॉइंटची गॅप मोजा. डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) कॅप आणि आतला फिरणारा रोटर काढा, इंजिन फिरवून पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या टोकावर आणा आणि फिलर गेज घाला. ०.४२ ते ०.४८ मिमी पाहिजे. किती आहे ते इथे सांगा, मग पुढचं. आणि तोपर्यंत चढावर जोर लावू नका, या इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, नॉकिंगवर चालवत राहिलात तर हेड गॅस्केट जाईल.

गिरगाव_डिलाइट:
आत्ताच बघून आलो. ०.६० चं पान आरामात जातंय, ०.६५ घट्ट. एवढं कसं काय असेल?

पाना_पक्कड_परळ:
हॅकसॉ ब्लेड. बरेच जण फिलर गेज न वापरता ब्लेडचा तुकडा घालून गॅप लावतात आणि हाताच्या ब्लेडची जाडी साधारण ०.६३ ते ०.६५ मिमी असते. ट्रॅक्टरला, पंपाला वगैरे चालून जात असेल, फियाटला नाही.

आता हे नीट समजून घ्या म्हणजे पुन्हा कोणी गंडवणार नाही. गॅप मोठी असली की पॉइंट लवकर उघडतो, आणि पॉइंट उघडला त्याच क्षणी ठिणगी. म्हणजे डिस्ट्रिब्युटरला हातसुद्धा न लावता टायमिंग पुढे सरकलं. वर डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, तिथला १ डिग्रीचा फरक म्हणजे क्रँकवर २ डिग्री. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग, उलटं कधीच नाही. टायमिंग लावून नंतर गॅप हलवली की केलेलं सगळं फुकट.

जुनं_गॅरेज_लालबाग:
बाळ, परळकरांनी बरोबर सांगितलंय. मी टॅक्सीच्या फियाटींवरच आयुष्य काढलं, आता शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली तेव्हापासून पॉइंट लावणारे हातच कमी झालेत, म्हणून तुझ्यासारख्याने शिकून घेतलं तर मला आनंदच आहे. लाइट नसला तरी चालतं, १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब, होल्डर आणि दोन क्लिपा एवढं पुरे.

गॅप ०.४५ ला लाव. मग चारही प्लग काढ म्हणजे कॉम्प्रेशन लागणार नाही, गाडी सपाट जागेवर टॉप गिअरला टाक आणि एकाला मागून हळूहळू ढकलायला सांग. रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर तो एक नंबर. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेव, हवेने अंगठा उचलला की कॉम्प्रेशन स्ट्रोक आला. तिथून पुलीवरची खूण पुढच्या कव्हरवरच्या खुणेपाशी येईपर्यंत सावकाश. खुणा गंजात आणि ऑइलच्या थरात गायब असतात, आधी पेट्रोलच्या फडक्याने पुसून पांढरा रंग भर. अ‍ॅडव्हान्स किती डिग्री ठेवायचा ते तुझ्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेलं असेल तेच घे, कोणाच्या तोंडचा आकडा घेऊ नकोस, माझासुद्धा नाही. पुलीवर फक्त टॉपचीच (पिस्टन सगळ्यात वर असतानाची) खूण सापडली तर पट्टीने मोज. पुलीचा व्यास समज १४० मिमी, तर घेर ४४० च्या आसपास, म्हणजे एका डिग्रीला १.२ मिमी, १० डिग्री हवी असेल तर १२ मिमी. ती खूण पुली ज्या दिशेने फिरते त्या दिशेला टॉपच्या पुढे मार, कारण ती आधी पोचायला हवी.

आता बल्बची एक क्लिप कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरकडे येणाऱ्या वायरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन ऑन. पॉइंट बंद असेल तर बल्ब विझलेला, उघडला की पेटतो. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला कर, बॉडी हाताने फिरेल पण सैल पडणार नाही इतपतच. रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला बॉडी फिरव, बल्ब विझेल. मग अगदी सावकाश उलट्या दिशेने, आणि बल्ब पेटेल तिथे थांब, क्लॅम्प आवळ. आवळताना बॉडी हमखास थोडी सरकते म्हणून परत तपासायचंच, गाडी ढकलून इंजिनचे दोन पूर्ण फेरे दे आणि बल्ब बरोबर खुणेवर पेटतो का बघ. खुणेच्या पुढे गेलास तर मागे ढकलून खुणेवर आणू नकोस, गिअरमध्ये प्ले असतो, बराच मागे जा आणि पुन्हा पुढून ये. आणि इग्निशन उगाच ऑन ठेवून चहा प्यायला जाऊ नकोस, पॉइंट बंद असताना कॉइल तापते.

वरदा_ठाणे:
काकांनी सांगितलेलं एकदम परफेक्ट आहे, फक्त एक भर घालते कारण गाडी समुद्राजवळ उभी असते. स्टॅटिक टायमिंग (काकांनी सांगितलेलं, इंजिन बंद ठेवून लावलेलं) बरोबर लागूनही चढावर आवाज राहिला तर डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटच्या प्लेटखाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात त्या बघ. वेग वाढला की वजनं बाहेर जातात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं, वेग कमी झाला की स्प्रिंगांनी परत आत यायला हवीत. आपल्याकडच्या दमट हवेत ती गंजून बाहेरच अडकतात किंवा स्प्रिंग ढिली पडते. माझ्या वडिलांच्या गाडीत एक स्प्रिंग तुटून नुसती लोंबत होती. तपासायला सोपं आहे, रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेला वळव आणि सोड, टकन जागेवर यायला हवा. आळसावल्यासारखा आला किंवा तिथेच राहिला तर प्लेट काढून साफ कर, पिनांवर थेंबभर पातळ ऑइल टाक.

जमलं तर टायमिंग लाइट घेच. संध्याकाळी जरा अंधारात धर, आयडलला खूण स्थिर दिसायला हवी, थ्रॉटल दिला की खूण एकसारखी सरकायला हवी, उड्या मारत नाही. व्हॅक्युमचा पाईप असलेला डिस्ट्रिब्युटर असेल तर तो काढून तोंड बंद कर आणि मग बघ.

कुर्ला_११००:
एवढं सगळं कशाला, आमच्याकडे सीएसटी रोडवर उस्ताद लोक इंजिन चालू ठेवून क्लॅम्प ढिला करतात, फिरवतात, जिथे इंजिन सगळ्यात मस्त पळतं तिथून केसभर मागे आणि आवळलं. कानावर लागतं टायमिंग.

जुनं_गॅरेज_लालबाग:
कानाला मीही मानतो, पण उभ्या गाडीत नाही. लोड नसताना इंजिनला जितका अ‍ॅडव्हान्स द्याल तितकं ते आयडलला पळतं, त्याच्यावर विश्वास ठेवला की नेमका या मुलाला झालाय तोच त्रास. त्याचं आयडलिंग मस्तच आहे की, वर लिहिलंय त्याने. कान वापरायचा तो रस्त्यावर. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर सपाट मोकळ्या रस्त्याला टॉपमध्ये ३०-३५ च्या वेगाने जाताना पाय पूर्ण दाब. हलकीशी टिणटिण होऊन वेग वाढता वाढता गेली तर जागेवर आहे. आवाज टिकला तर अगदी थोडं रिटार्ड, म्हणजे ठिणगी जरा उशिरा. आणि आवाज अजिबात नाही पण गाडी ओढत नाही, तापते, सायलेन्सर फार गरम होतो, तर रिटार्ड जास्त झालंय, तेही वाईटच.

गिरगाव_डिलाइट:
सगळ्यांचे मनापासून आभार. गॅप ०.४५ केली, काकांच्या पद्धतीने बल्ब लावून टायमिंग लावलं, ढकलायला खालच्या मजल्यावरचे दोघं आले होते. गॅप नीट केल्यावर डिस्ट्रिब्युटर फार थोडाच हलवावा लागला, म्हणजे मुख्य घोळ गॅपचाच. रोटर सोडल्यावर टकन परत येतो. गरम इंजिनला सेल्फ आता मोकळा फिरतो, चढावर आवाज अगदी निसटता, पाय पूर्ण दाबला तरच. फक्त एक विचारायचं होतं, कॅमवर ग्रीस लावायचं का? मेकॅनिकने कोरडंच सोडलं होतं.

वरदा_ठाणे:
लावायचंच, पण तांदळाच्या दाण्याएवढं, आणि उष्णतेला न वितळणारं. जास्त लावलंस तर उडून पॉइंटवर जाईल आणि मिसफायर सुरू. कोरड्या कॅमवर नवीन पॉइंटची टाच भराभर झिजते, टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग आता उलट्या बाजूला, म्हणजे रिटार्डकडे सरकतं. एरवीसुद्धा नवीन टाच सुरुवातीला थोडी बसतेच, म्हणून ५०० किमी झाले की गॅप परत मोज, आणि गॅप हलवावी लागली तर बल्ब लावून टायमिंग पण परत बघ.

जुनं_गॅरेज_लालबाग:
आणि ऑपेरा हाऊसला गेलास तर पॉइंटचा एक जास्तीचा सेट आणि कंडेन्सर घेऊन डिकीत टाकून ठेव, पॅकिंग उघडून टाच आणि स्प्रिंग बघून घे, काही काही सेटची टाच इतकी मऊ येते की महिन्यात बसते. जुना कंडेन्सर चांगला चालत होता का? चालत असेल तर फेकू नकोस.

गिरगाव_डिलाइट:
चालत होता काका, ठेवलाय डब्यात. ग्रीस आजच लावतो.