'फ्लिकर'ला मराठीत काय म्हणावं?

पंचवटीकर: फोनचा ब्राइटनेस उतरवला की पडद्याचा जो 'फ्लिकर' होतो, त्याला 'लुकलुकणे' चालेल का?

गोदाकाठ: नाही. रामकुंडात सोडलेले दिवे लुकलुकतात. ते दिसतं आणि बरंही वाटतं. स्टार्टर गेलेली ट्यूब फडफडते. तेल संपत आलेला दिवा मिणमिणतो, म्हणजे उजेड कमी पण सलग. बऱ्याच ओलेड (ठिपकान् ठिपका स्वतः उजळणाऱ्या) पडद्यांत उजेड कमी होत नाही, तुकड्यातुकड्यानं मिळतो. ढोबळ गणित: २४० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २४० वेळा पेटणारा-विझणारा पडदा १० टक्के ब्राइटनेसवर आणला, तर दर ४.१७ मिलिसेकंदांत जेमतेम ०.४२ मिलिसेकंद उजेड, उरलेला वेळ काळोख. माझ्या मते शब्द 'उघडझाप'.

सिडकोवाला: मग 'पडदा मंद करा' हेही चूकच की!

गोदाकाठ: अगदी. कंदिलाची वात खाली केली की ज्योत खरोखर मंद होते. फोनमधलं डीसी डिमिंग, म्हणजे वीजच कमी सोडून उजेड सलग घटवणं, तसं. पण फार खाली नेलं तर रंग बिघडतात, करडा भाग डागाळतो. म्हणून काही फोन तळाला पुन्हा उघडझापीवरच येतात.

मेनरोड: नाशकात एमजी रोडवर दुरुस्तीला जाऊन 'फ्लिकर' म्हणू नका, फोल्डर (काचेसकट अख्खा डिस्प्ले) बदलायला काढतील. त्यांचं 'डिस्प्ले ब्लिंक मारतोय' म्हणजे डिस्प्ले जोडणारी पट्टी (केबल) सैल नाहीतर आत पाणी. तो बिघाड डोळ्यांना दिसतो. ही उघडझाप सहसा दिसत नाही, तरी काहींचे डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं.
तपासायचं तर खोलीतले दिवे बंद करा, कारण काही एलईडी बल्बही पट्टे पाडतात. पडद्यावर कोरं पांढरं पान, ब्राइटनेस २० टक्के. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (सेटिंग हातानं करायचा), शटर १/२००० सेकंद. गडद, रुंद पट्टे आले तर उघडझाप संथ आणि खोल, म्हणजे मधे जवळजवळ काळोख. ऑटो शटरवर बहुधा काहीच दिसत नाही आणि लोक निर्धास्त होतात.

पंचवटीकर: पण माझा फोन १२० हर्ट्झचा आहे.

मेनरोड: तो चित्र बदलण्याचा वेग, उघडझापीच्या वेगाशी गल्लत नको. त्रास होत असेल तर ब्राइटनेस अर्ध्याच्या वर ठेवा आणि अँड्रॉइडमधलं 'एक्स्ट्रा डिम' लावा. ते रंगच गडद करतं.

पंचवटीकर: मग असं लिहितो: 'कमी ब्राइटनेसवर पडद्याची उघडझाप होते.'

सिडकोवाला: आधी 'न दिसणारी' जोडा. नुसतं 'उघडझाप' वाचून लोक पडदा बंद-चालू होतोय समजतील.