‘स्वमग्नता’ की ‘ऑटिझम’? मुलाला सांगताना कोणता शब्द वापरावा?

प्रश्न: माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, नाशिकरोडला राहतो. डॉक्टर ‘ऑटिझम’ म्हणतात, दिव्यांग प्रमाणपत्रावर ‘स्वमग्नता’ आहे. त्याला स्वतःला अजून कोणी काहीच सांगितलेलं नाही. परवा त्याने आईला विचारलं, ‘मीच का थेरपीला जातो? धाकटी का नाही जात?’ बहिणीने विषय बदलला. त्याला काय आणि कसं सांगावं?

उत्तर: त्याने विचारलं, म्हणजे वेळ झालीच. व्हॅनमध्ये कोणाकडून ‘मंद’ ऐकायला मिळण्याआधी घरच्यांनी सांगितलेलं बरं.

मुलाशी बोलताना मी ‘ऑटिझम’च म्हणेन. ‘स्वमग्नता’ चुकीचा नाही. मूळ शब्दातही ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, आहेच. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली तो शब्द अशा मुलांसाठी वापरला. पण मराठीत ‘मग्न’ म्हटलं की माणूस आपणहून रमलेला वाटतो. मुलाला वाटेल, आपणच कोणात मिसळत नाही, आपलंच चुकतं.

त्याहून जपायचं ते क्रियापद. ‘त्याला ऑटिझम झालाय’ असं सर्रास म्हणतात. कावीळ होते आणि बरी होते. ऑटिझम ‘असतो’, जन्मभर असतो.

सगळं एका दमात सांगू नका. त्याच्या अनुभवापासून सुरुवात करा: ‘मिरवणुकीत ढोल वाजले की तू कान झाकतोस ना? तुझ्या मेंदूला आवाज फार जोरात जाणवतो. आणि बसचे नंबर तुझ्या जसे लक्षात राहतात तसे आमच्या राहत नाहीत. मेंदूच्या अशा ठेवणीला ऑटिझम म्हणतात.’ पुढे तो विचारेल तेवढंच सांगा. कदाचित काहीच न बोलता खेळायला जाईल आणि आठवड्याने जेवताना अचानक विचारेल.

नातेवाइकांना नावाआधी गरज सांगावी: ‘रंगपंचमीला रहाड (रंगाचा हौद) बघायला येईल, पण त्याला रंगात ओढू नका.’ शाळेला मात्र नाव लेखीच द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि परीक्षेतल्या सवलतींसाठी प्रमाणपत्र लागतं.

प्रश्न: ‘ऑटिस्टिक मुलगा’ म्हणावं की ‘ऑटिझम असलेला’?

उत्तर: पालक बरेचदा दुसरं म्हणतात, अनेक प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींना पहिलं आपलं वाटतं. थोडा मोठा झाला की त्यालाच विचारा. सोसायटीत कोणाला सांगायचं, हेही. तोवर त्याच्यादेखत ‘त्याला काही कळत नाही हो’ असं कोणी म्हणालं, तर तिथल्या तिथे थांबवा.