झेडएफएसमध्ये फायलींच्या पूलवर दीडपट, खऱ्या डिस्कवर दुप्पट जागा काऊन जाते?

काटेवाला_दारव्हा:
आमच्या जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवरून प्रॉक्समॉक्सच्या (एका मशीनवर आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीएममध्ये, म्हणजे आभासी कॉम्प्युटरमध्ये टाकून राहिलो. शेतकऱ्याच्या गाडीचं वजन त्याच्यातच असते, त्याच्यावरच त्याचा पैसा ठरते. एक डिस्क गेली तरी पावती जायला नको, म्हणून ४ टीबीच्या ३ डिस्क, झेडएफएस ही फाइल सिस्टम, त्यात रेडझेड१: एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, तिच्यावरून गेलेल्या डिस्कचा डेटा परत बनते.

डिस्क नागपूरहून येईपर्यंत १० जीबीच्या ३ फायलींनाच डिस्क मानून चाचणीचा पूल (डिस्क जोडून केलेली एकच साठवण) केला. कम्प्रेशन बंद करून व्हीएमच्या डिस्कवर ४ जीबी रँडम डेटा लिहिला. झेडपूल लिस्टमध्ये (पॅरिटीसकट गेलेली जागा दाखवणारी कमांड) ६ जीबीच्या आसपास गेले; दोन भाग डेटाला एक भाग पॅरिटी, हिशोब जुळला. काल खऱ्या डिस्कवर तेच केलं तर ८ जीबी! दोन्हीकडे ब्लॉक साइज (व्हीएमच्या डिस्कचा एका वेळी लिहायचा तुकडा) ८ के, म्हणजे ८ किलोबाइट. डिस्कच खराब आल्या का? पुढच्या आठवड्यात कापूस सुरू होते.

मूर्तिजापूरची:
भाऊ, डिस्क परत करू नका. आधी दोन्ही पूलचा ॲशिफ्ट पाहा, म्हणजे पूल सेक्टर (डिस्कवरचा सर्वात लहान तुकडा) केवढा धरतो ते.

काटेवाला_दारव्हा:
ताई, फायलींचा ९, डिस्कचा १२. पण तेवढ्यानं दुप्पट?

मूर्तिजापूरची:
हो. ९ म्हणजे ५१२ बाइटचा सेक्टर. ८ केचे १६ सेक्टर, पॅरिटीचे ८, एकूण २४, म्हणजे १२ के. ॲशिफ्ट १२ म्हणजे ४ केचा सेक्टर. त्यात ८ केचे २ सेक्टर, पॅरिटीचा १, झाले ३. रेडझेड१ मात्र जागा २ च्या पटीतच देतं, म्हणून चौथा सेक्टर रिकामा जातो आणि १६ के लागतात. एवढ्या जागेत मिररच (डेटाची पूर्ण दुसरी प्रत) झाला असता.

ब्लॉक १६ केचा केला तर ४ अधिक २, बरोबर ६ सेक्टर, २४ के. ओपनझेडएफएस २.२ पासून डीफॉल्टही ८ वरून १६ के केलाय. ॲशिफ्ट पूल करतानाच ठरतो, नंतर बदलत नाही, म्हणून चाचणीच्या पूललाही तो हातानं १२ द्यायचा.

अचलपूर_लिनक्स:
दादा, तयार व्हीएम डिस्कचा ब्लॉक बदलत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये स्टोरेजला ब्लॉक साइज १६ के लावा आणि डिस्क दुसऱ्या स्टोरेजवर हलवून परत आणा, तेव्हा नवीन बनते. कॅमेऱ्याच्या फायली डेटासेटवर (झेडएफएसचं फोल्डरसारखं साठवण) असतील तर त्यांना हात लावू नका, तिथं ब्लॉकच्या जागी रेकॉर्डसाइज (फायलीच्या तुकड्याची कमाल साइज) १२८ के असते.

काटेवाला_दारव्हा:
फायलींचा पूल ॲशिफ्ट १२ देऊन नव्यानं केला. ८ केवर ८ जीबी, १६ केवर ६. आता रात्री काटा बंद झाला की काट्याच्या व्हीएमची डिस्क हलवतो. ताई, दादा, लय मोठी मदत केली.