निवृत्तीत काय सोडलं, काय धरलं? गोव्यातले अनुभव

पणजी, धागा सुरू करताना

ऑक्टोबरात मला साठ पूर्ण होतात, सरकारी नोकरी संपते. परवा रात्री निवृत्तीनंतर करायच्या गोष्टी लिहायला बसलो तर बावीस कलमं झाली. पेटी शिकणं, नर्मदा परिक्रमा, गावचं कुळागर (पोफळी-नारळाची बाग), बोलीभाषेतल्या शब्दांचा संग्रह... बायकोने वाचलं आणि म्हणाली, "एवढं सगळं केलंत तर माझ्याशेजारी बसणार कधी?" तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. जे निवृत्त झालेत त्यांनी सांगावं, तुम्ही ठरवलेलं काय टिकलं आणि काय सुटलं? पैसा, घर, वेळ, कशाबद्दलही लिहा, पण स्वतःवर बेतलेलं लिहा.

मडगाव, बँकेतून निवृत्त

मी पहिल्या वर्षासाठी एकच गोष्ट ठरवली होती. पेन्शन आणि व्याज यांत घर चालवायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३पासून एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. व्याज दर तीन महिन्यांनी येतं आणि पैसे ठेवतानाचा दर पाच वर्षं तोच राहतो. त्यामुळे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी असं आमचं वर्षच चार भागांत पडलं. घरपट्टी, विमा, चवथीचं (गणेशचतुर्थीचं) सामान त्या त्या भागात बसवलं आणि पै न् पै वहीत लिहिली. सहा महिन्यांनी वही उलटून पाहिली तर सगळ्यात जास्त खर्च दारात उभ्या असलेल्या गाडीवर. विकून टाकली. आता बाजाराला पायी जातो, पणजीचं काम असलं तर कदंबची, म्हणजे आपली सरकारी, शटल बस आहेच. जमलं नाही ते आहेराचं. भाचीच्या लग्नात हात आखडता घेववला नाही, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

डिचोली, गृहिणी

मी कागदांबद्दल लिहिते, कारण आमचं सगळं तिथेच अडलं.

यजमान निवृत्त झाले तेव्हा ठरलं होतं की शहरातला फ्लॅट सोडायचा, वाडवडिलांचं घर शाकारून तिथे राहायचं. चिरे सांगून झाले, सुतार येऊन माप घेऊन गेला. मग एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीवर कोणाची नावं आहेत तो कागद, काढला. त्यावर सासरे आणि त्यांची पाच भावंडं, सहापैकी एकही हयात नाही. आपल्या गोव्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. म्हणजे प्रत्येक वारस, शिवाय त्याचा किंवा तिचा जोडीदार, सगळ्यांच्या संमत्या हव्यात. शेवटी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचं प्रकरण, कोर्टात घालावी लागली. माणसं मुंबईत, बेळगावात, दोघं पोर्तुगालला. कोणाचं वाकडं नव्हतं हो, एक नणंद तर फोनवर रडली, "घर तुम्हीच ठेवा" म्हणाली. पण तोंडी शब्दाने कागद पुरा होत नाही. चार वर्षं गेली. निकालाच्या आधी सात महिने यजमान गेले.

आता मी त्या घरात एकटी राहते. पडवीत त्यांच्यासाठी म्हणून करून घेतलेला सोपा (बसायचा कट्टा) आहे, त्यावर मी बसते. राहायला आल्यावर पहिलं काम केलं ते सब-रजिस्ट्रारकडे जाऊन मृत्युपत्र. आपल्याकडे मुलं असली की मृत्युपत्राने स्वतःच्या वाट्याचा अर्धाच भाग मनासारखा देता येतो, उरलेला अर्धा वारसांचाच असतो. मुलांना समोर बसवून हे समजावलं. दादा, तुमच्या बावीस कलमांत कुळागर आहे. त्याचा उतारा कधी पाहिलात?

पणजी

ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. नाही पाहिला. वडील १९९८ साली गेले, तेव्हापासून एकदाही नाही. सोमवारी मामलेदार कचेरीत जातो.

साखळी, खाणीवर होतो

आम्हाला निवृत्ती ठरवायला मिळालीच नाही. २०१२मध्ये खाणी थांबल्या, मग काही चालू झाल्या, मार्च २०१८मध्ये पुन्हा थांबल्या. मी चोपन्न वर्षांचा, डोक्यावर ट्रकचं कर्ज. तेव्हा एकच मनाशी धरलं, साठीला कोणाचं देणं नको. ट्रक पडत्या भावात दिला, बायकोच्या दोन बांगड्या गेल्या, एकोणसाठाव्या वर्षी शेवटचा हप्ता फेडला. पावसानंतर शेतात अळसांदे (चवळी), मिरसांग (मिरची), थोडी भाजी घेतो. घरी पुरतं, शेजारी जातं. बांगड्या अजून करायच्या आहेत.

म्हार्दोळ, मुंबईहून आलेलो

गावी परतायचं स्वप्न असेल त्यांनी एक पावसाळा भाड्याच्या घरात काढावा. आम्ही मे महिन्यात येऊन भुललो होतो. देवळाची घंटा, जाईचा वास, मानकुराद आंबे. जुलैत पुस्तकांना बुरशी धरली, वीज दोन-दोन दिवस नाही, आणि रात्री हिच्या छातीत दुखलं तेव्हा रिक्षा कुठून आणायची हे माहीत नव्हतं. सुदैवाने अपचन निघालं. त्यानंतर भाड्याचं घर बदललं, बसथांब्याजवळ लहान जागा घेतली. चाळीस वर्षांतली पुस्तकं कमी करून दोन कपाटांवर आणली, बाकी वाचनालयाला दिली. देताना जड गेलं. दर गुरुवारी तिथे जातो, त्यांतलंच एखादं घरी आणतो.

वाळपई, प्राथमिक शिक्षिका

मोठं काही ठरवलं नव्हतं. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळं-फुलं बांधलेली माटोळी असते; आई तिला बांधायची त्या रानवस्तू मला निम्म्याच ओळखता येतात, तेवढ्या शिकायच्या एवढंच. कवंडळ, घागऱ्या, नागकुडा कुठल्या बांधावर मिळतात ते विचारत शेजारच्या म्हाताऱ्या आजींबरोबर श्रावणापासून हिंडते. पहिल्या वर्षी अकरा ओळखल्या, गेल्या चवथीला सव्वीस. वाड्यावरची चार मुलं आता मागे येतात. आजींचे गुडघे यंदा चालू देत नाहीत, म्हणून आम्ही वस्तू तोडून त्यांच्या दारात नेतो आणि त्या हातात घेऊन, चुरडून, वास घेऊन नाव सांगतात. काल एका वेलीचं नाव त्यांनाही आठवेना. पानं वहीत दाबून ठेवली आहेत.