चौकटीबाहेरचे अध्यात्म : इंदूरकरांचे अनुभव

देऊळ, व्रत, पंथ किंवा गुरू यांच्याशी संबंध नसतानाही रोजच्या जगण्यात आपल्यापेक्षा मोठ्या अशा कशाची तरी जाणीव ज्या क्षणी झाली, त्या क्षणाविषयी येथे लिहावे, अशी विनंती आहे. तत्त्वचर्चा नको; काय घडले तेवढे मनापासून सांगावे. आरंभ मीच करतो; प्रत्येक अनुभवाच्या वर लिहिणाऱ्याच्या इंदूरमधल्या वस्तीचे नाव आहे.

रामबाग

पहाटे आई हाक मारत असे, "उठा रे, नर्मदा आली!" इंदूरमध्ये नळाच्या पाण्याला नर्मदाच म्हणतात आणि ते खरेही आहे, कारण १९७८ पासून हे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरची वाट कापत, पंपांच्या जोरावर विंध्याचा चढ चढून माळव्याच्या पठारावर येते. आई गेल्यानंतर देवघरातली पूजा माझ्याकडून सुटली, ती सुटलीच. पाणी भरणे मात्र माझ्याकडे आले. नळ आधी नुसती हवा फुंकतो, मग सुतासारखी धार येते, मग ती भरीव होते आणि हंडा भरत जातो तसतसा तिचा आवाज बारीक होत वर चढतो. एका पहाटे त्या आवाजाकडे कान लावून उभा असताना डोक्यातले सारे हिशेब थांबले आणि पाणी काठावरून पायांवर आले तेव्हाच मी भानावर आलो. परिक्रमावासी जिला उजव्या हाताला ठेवून महिनोन्‌महिने चालतात, ती माझ्या मोरीपर्यंत आली होती. सांडलेले पाणी पुसून ते फडके मी तुळशीच्या कुंडीत पिळले.

सुदामानगर

शीर्षकातला 'चौकटीबाहेरचे' हा शब्द मला खटकला. मी नित्य पूजा करते. परंतु सहाणेवर चंदनाचे खोड फिरत राहते तेवढाच वेळ मन खरोखर स्थिर असते, पुढचे मंत्र बहुधा घाईतच होतात. मग हा अनुभव कोणत्या बाजूचा समजावा?

लोकमान्यनगर

मी ईश्वर मानत नाही आणि साठी उलटल्यावरही ते मत बदललेले नाही. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिने मला बोलण्याची मनाई होती. त्या काळात मी तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमारेदार झंकार, लावत बसे. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर इकडेतिकडे झाला तरी स्वर मिटतो आणि नेमक्या जागी आला की तार एकाएकी उघडते, खर्जातून कोणीही न छेडलेला गंधार आपसूक ऐकू येऊ लागतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात आणि हा शब्द मला कोणत्याही स्तोत्रापेक्षा जवळचा वाटतो. येथून जवळच देवासला कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन आले, काही वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले आणि अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते कानांत साठवली. हे मला पूर्वीपासून माहीत होते. पण गळा बंद असताना कान किती उघडतो, हे त्या दोन महिन्यांत कळले.

राजेंद्रनगर

माझा अनुभव लहान आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे इंदूरच्या अंगवळणी पडले आहे आणि मीही ते शिस्त म्हणूनच करत होते. गेल्या पावसाळ्यात लोणच्याची काचेची बरणी फुटली. तुकडे जाड कागदात गुंडाळले, दोऱ्याने बांधले, वर 'काँच' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि पुडा स्वतः गाडीपाशी नेऊन दिला. गाडीवरच्या ताईंनी अक्षरे वाचली आणि हातमोजा काढून तळहातावरचा जुना, पांढरा पडलेला वण मला दाखवला. मी तो हात थोडा वेळ हातात धरून उभी राहिले. दोघींपैकी कोणीच काही बोलले नाही. मागून गाडीचा भोंगा वाजला आणि त्या पुढच्या दारी गेल्या.