मदत हवी आहे : जामीच्या झुलेखेचे मूळ कोठे शोधावे?

हेरातचा फारसी कवी जामी याने १४८३ साली रचलेल्या ‘यूसुफ व झुलेखा’ या मसनवीचा (यमकबद्ध द्विपदींतील दीर्घ कथाकाव्याचा) भाषांतरातून अभ्यास करताना एका प्रश्नावर अडलो आहे. बायबलमध्ये झुलेखा ही केवळ पोटीफर या इजिप्ती अधिकाऱ्याची, घरातील गुलाम यूसुफला (बायबलमधील योसेफला) मोहात पाडू पाहणारी निनावी पत्नी आहे आणि कुराणाच्या बाराव्या सूऱ्यातही (अध्यायातही) तिला नाव नाही; जामीकडे मात्र ती यूसुफला स्वप्नात पाहून झुरणारी, म्हातारपणी पुन्हा तारुण्य लाभून त्याच्याशी विवाह करणारी नायिका होते. (मोहात पाडू पाहणाऱ्या स्त्रीचा असा कायापालट मला विलक्षण वाटतो.) तो सूफी प्रेमविचारातून घडला, की आधीच्या कुराणभाष्यांतील व ज्यू परंपरेतील कथांतून, याची उकल करणारे मराठी, हिंदी वा इंग्रजी लेखन जाणकारांनी कृपया सुचवावे, मला फारसी वाचता येत नाही.