‘मेले’, अधिवृक्क आणि संधिसाधू बुरशी

खानापूरकर: मावशीच्या आजारपणात शब्दांनीच घोळ घातला. बेळगावच्या दवाखान्यात सिस्टरनं तिला सांगितलं, “मूत्रपिंडद मेले गड्डे इदे.” मावशीचं कन्नड बाजारापुरतं. तिनं ‘मेले’ तेवढं ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. कन्नडात ‘मेले’ म्हणजे वर आणि ‘गड्डे’ म्हणजे गाठ, हे समजवायला शेजारच्या कॉटवरचे गोकाकचे अज्जा धावले. फाइलवर ‘ॲड्रिनल’ (मूत्रपिंडावरची ग्रंथी) होतं. घरच्या ग्रुपवर मी ऐटीत ‘अधिवृक्क’ लिहिलं, तर भाऊ विचारतो, “हे कुठलं झाड?” पुढं छातीत ‘संधिसाधू बुरशीसंसर्ग’ निघाला. त्यावर तो म्हणाला, “सांध्यात पण काय?”

निपाणीकर: वृक्क म्हणजे मूत्रपिंड, शब्द जुना संस्कृत. ‘अधि’ म्हणजे वर. म्हणजे सिस्टरचं ‘मेले’ तेच कोशकारांचं ‘अधि’ की! गंमत अशी, की ‘ॲड्रिनल’मधला लॅटिन ‘ॲड’ नुसता ‘लगत’ सांगतो. ‘वर’ सांगतं ते ‘सुप्रारीनल’, आपला शब्द त्याच्याशी जुळतो. ‘संप्रेरक’ मात्र चपखल आहे. स्टार्लिंगनं १९०५ साली ‘हॉर्मोन’ शब्द वापरात आणला, तो ‘चेतवणे’ अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आणि गड्डे परकं कुठाय? कांद्याचा गड्डा म्हणतोच की आपण. ‘अर्बुद’ कोशात राहू दे, घरात ‘गाठ’च.

लॅबवाला, शहापूर: संधिसाधू मला आवडतो. एरवी पक्ष बदलणाऱ्याला लावतो, इथं अगदी शोभतो. अशी गाठ कधीकधी कॉर्टिसोल हे संप्रेरक बेसुमार करते (चेहरा गोल सुजतो, पोटावर जांभळट वळ उठतात, तो कुशिंग सिंड्रोम). जास्तीचं कॉर्टिसोल प्रतिकारशक्ती दाबून टाकतं, तापसुद्धा नीट येऊ देत नाही. मग एरवी निरोगी माणसाला सहसा न बाधणाऱ्या क्रिप्टोकोकस, ॲस्परजिलस, न्यूमोसिस्टिस या बुरशींचं फावतं. न्यूमोसिस्टिसची जात तर भल्याभल्यांना कळली नव्हती. प्रोटोझोआ (एकपेशीय जीव) म्हणून वर्षानुवर्षं खपली, १९८८ मध्ये बुरशी ठरली. कधीकधी ती उसळते कॉर्टिसोल औषधानं झपकन उतरवल्यावर, म्हणजे रोगी सुधारतोय असं वाटत असताना. याहून संधिसाधू कोण? आणखी एक, केटोकोनॅझोल हे मूळचं बुरशीवरचं औषध कॉर्टिसोलही कमी करतं, म्हणून कुशिंगलाही देतात. न्यूमोसिस्टिसवर मात्र त्याचा उपयोग नाही.

निपाणीकर: भावासाठी ‘संधी साधणारा संसर्ग’ असं फोडून लिहा. जोडशब्द झाला की संधिवात आठवतो.

खानापूरकर: भाऊ निवळला, आता मावशी. “भाकरीवर येते ती बुरशी? माझ्या छातीत?” म्हणून लोणच्याची अख्खी बरणी परड्यात ओतायला लावली. बुरशीला दुसरा शब्द आहे काय?

लॅबवाला, शहापूर: कन्नडात ‘शिलींध्र’, आपल्या शाळेच्या पुस्तकात ‘कवक’. बरणी वाचेल, पण भाऊ परत झाडाचं नाव विचारेल.